तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःची खुर्ची कशाला?

"ताई, एअरपोर्टवर व्हीलचेअर फुकट मिळते, ढकलायला माणूसही मिळतो. मग स्वतःची कशाला ओढून नेता?" नाशिकजवळच्या ओझर विमानतळावर सोडणारा टॅक्सीवाला विचारतो, सोसायटीतल्या काकू विचारतात, परवा चेक-इनच्या काउंटरवरच्या मुलीनेही विचारलं. आडगाव नाक्यापासून दहाव्या मैलापर्यंत टॅक्सीत जे सांगत जाते, ते आज लिहूनच टाकते.

माझी खुर्ची माझ्या मापाची आहे, सीट पंधरा इंच रुंद. एअरपोर्टवरची येईल त्याला बसवणारी, म्हणून ऐसपैस. तिच्यात मी एका बाजूला कलंडते. शिवाय बऱ्याचदा तिची चारही चाकं लहान असतात, म्हणजे हाताने चाक फिरवून स्वतः जाता येत नाही, माझ्या हातांना काही कामच नाही. एकदा एका मोठ्या विमानतळावर "आलोच मॅडम" म्हणून मदतनीस मला खांबाशी लावून गेला. दीड तास मी तो खांब पाहिला. पाण्याचा नळ वीस पावलांवर होता. पावलं अर्थात इतरांची.

दुसरं कारण कुणाला दिसत नाही. मला कमरेखाली संवेदना नाही. कडक सीटवर चार तास गेले तरी दुखत नाही, आणि तीच भीती. एक बेडसोर (एकाच जागी दाब राहून होणारी जखम) म्हणजे पालथं पडून काढलेले दीड महिने. म्हणून माझ्या खुर्चीवरची उशी विमानातही माझ्याखालीच असते, सामानात कधीच जात नाही.

बाकी रीत सोपी आहे. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमाप्रमाणे विमान कंपनीला ४८ तास आधी कळवायचं. तिकिटावरच्या व्हीलचेअर कोडचं शेवटचं अक्षर मात्र नीट पाहायचं: 'आर' म्हणजे जिना चढता येतो, 'एस' म्हणजे जिना नाही पण विमानात सीटपर्यंत चालता येतं, 'सी' म्हणजे सीटपर्यंत उचलूनच. माझा सी. चुकून आर पडला, तर जिन्यापाशी सगळे माझ्याकडे आशेने बघत उभे राहतात! काउंटरवर सांगायचं, खुर्ची विमानाच्या दारापर्यंत माझीच, सामानात टाकायचा टॅग तिथेच लावा. पुढे विमानातल्या सीटांमधून नेणारी अरुंद, पट्ट्यांची खुर्ची येते. उचलणाऱ्यांना आधीच सांगते, काखेत हात घालून ओढू नका. बॅटरीची खुर्ची असेल तर सुटी होणारी लिथियम बॅटरी काढून सोबत केबिनमध्ये न्यावी लागते, तीही ३०० वॉट-अवरपर्यंतचीच.

कुणी कपाळाला आठ्या घातल्या की मला जीजा घोष आठवतात. २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला निघालेल्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या या बाईंना सीटवर बसल्यानंतर खाली उतरवलं होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला त्यांना दहा लाखांची भरपाई द्यायला लावली. मग माझाही आवाज जरा चढतो.

एवढं करून एकदा खुर्ची दारात न येता थेट सामानाच्या बेल्टवर आली, चाक आठासारखं वाकलेलं. कंपनीने फॉर्म भरून घेतला. चाक सरळ केलं पंचवटीतल्या सायकलवाल्याने, चहा थंड व्हायच्या आत. तेव्हापासून स्पोकची चावी चेक-इनच्या बॅगेत असते, आणि उतरताना खुर्ची दाराशी आल्याचं कळेपर्यंत मी सीटवरून हलत नाही. सफाईवाले येतात, माझ्या पायाखालचंही झाडून घेतात.