टॅटिंगच्या नव्या कामांची नोंद : रुमाल, थालपोस, कर्णफुलं आणि अर्ध्यावरचा बुकमार्क

टॅटिंग म्हणजे शटलने, म्हणजे धागा गुंडाळलेल्या छोट्या होडीसारख्या साधनाने, गाठी घालत विणलेली लेस. या खेपेला गटातली तीन कामं पुरी झाली आणि एक शटलवर आहे. गाठी सगळ्यांच्या सुबक आहेत. अडलं ते मापाशी : पिकोची (दोन गाठींमधल्या धाग्याच्या छोट्या फासाची) उंची आणि चेनमधल्या (दोन रिंगांमधल्या गाठींच्या कमानीतल्या) गाठींची संख्या. रिंग म्हणजे ओढून बंद केलेलं गाठींचं कडं. म्हणून नमुन्यांसोबत मापंही देतो आहोत. खाली ‘५-५’ म्हणजे पाच पूर्ण गाठी (दोन अर्ध्या मिळून एक), पिको, पुन्हा पाच गाठी. ‘+’ म्हणजे त्या जागी आधीच्या पिकोला जोड.

रुमालाची किनार. पांढरी मलमल, शिवून झाल्यावर २५ सेंटीमीटर चौरस. धागा ४० नंबरचा मर्सराइज्ड. मलमल आधी रात्रभर पाण्यात ठेवून, खळ काढून, इस्त्री करूनच शिवायची. नवी मलमल धुतल्यावर आटते, मर्सराइज्ड धागा फारसा आटत नाही; मग पहिल्याच धुण्यात कापड आत ओढलं जातं आणि किनार लाटांसारखी उभी राहते.

पहिली रिंग ५-५-५-५, उलटवून चेन ५-५, पुन्हा उलटवून रिंग ५+५-५-५, आणि असंच पुढे. रिंगा बाहेर राहतात, चेनची मधली पिको कापडाच्या काठाला टाचायची. कोपऱ्यात चेन न घेता तीन रिंगा एकाला एक लगटून : ५+५-५-५, मग ५+७-७-५, मग ५+५-५-५. मधली मोठी पाकळी असल्यामुळे कोपरा काटकोनात वळतो. या तिघींच्या बुडाशी धागा जराही मोकळा सोडू नका, नाहीतर धुतल्यावर फूल फाकतं.

मोजणी अशी केली : दहा चेनचा तुकडा विणून सपाट ठेवला, तो ९.५ सेंटीमीटर भरला. म्हणजे २५ सेंटीमीटरच्या बाजूला २६ चेन, दोन कोपऱ्यांमधल्या रिंगा २५. २६ चेनची पट्टी भरते २४.७ सेंटीमीटर; उरलेला फरक टाचताना हलक्या ताणाने निघतो. लेस कापडापेक्षा किंचित कमी असलेली चालते, जास्त असलेली अजिबात चालत नाही. तुमचा हात सैल असेल तर आकडे बदलतील, म्हणून तुकडा विणून मोजल्याशिवाय कोपऱ्याला हात घालू नका.

गोल थालपोस (ताटावरचं झाकण). २० नंबरचा धागा. मध्यरिंग २४ गाठींची, बारा पिकोंची : एक गाठ, पिको, मग दोन-दोन गाठींनी पिको, शेवटी एक गाठ. दुसरी फेरी : रिंग ४+४ (मध्यरिंगेच्या पिकोला जोड), चेन ४-४, बारा वेळा. तिसऱ्या फेरीत रिंग ६+६, जोड खालच्या चेनच्या पिकोला. चेन ५-५ घेतली तेव्हा काम वाटीसारखं वर आलं. पाण्याने ओलं करून टाचण्या लावल्या तरी टाचण्या काढताच पुन्हा वाटी.

कारण सरळ गणिताचं आहे. दुसऱ्या फेरीच्या चेनपासून तिसऱ्या फेरीच्या चेनपर्यंत त्रिज्या साधारण १ सेंटीमीटरने वाढते. त्रिज्या एकाने वाढली की परीघ ६.३ सेंटीमीटरने वाढतो. बारा भागांत वाटला तर प्रत्येक चेनला ५ मिलिमीटर जास्त लागतात. २० नंबरच्या धाग्यात एक गाठ साधारण १ मिलिमीटर. म्हणजे दुसऱ्या फेरीच्या आठ गाठींच्या चेनपेक्षा तिसरीत पाच जास्त हव्यात, आणि दोन्हीकडे समान पडाव्यात म्हणून सहा. चेन ७-७ केली आणि थालपोस टेबलावर सपाट बसला. उलट दोष दिसला, काठाला झालर पडली, तर चेनच्या दोन्ही बाजूंची एकेक गाठ कमी करून पाहा. दोन्ही बाजूंच्या एकेका गाठीचा फरकही बारा चेनमध्ये २४ गाठींचा होतो.

जोडाची पिको शोभेच्या पिकोपेक्षा आखूड असू द्या. जोड घेताना धागा दोन्हीकडून भरतो. पिको लांब असेल तर तिथे भोक दिसतं आणि गोल वर्तुळ बारा कोनांचं होतं. जाड कागदाची ३ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून तिच्यावरून पिको घ्या, नजरेचा अंदाज फेरीगणिक बदलतो.

रिंग बंद न होण्याच्या तक्रारी पुन्हा आल्या. कारणं दोन. एक, गाठ पलटली नाही : गाठ हातावरच्या धाग्याची व्हायला हवी, शटलचा धागा आतून सरळ जायला हवा. प्रत्येक जोडानंतर शटलचा धागा हलकेच ओढून पाहा. तो सरकला नाही तर चूक त्याच गाठीत आहे, लगेच उसवा. दुसरं, रिंगेत जोड घेताना हुकने हातावरच्या धाग्याऐवजी शटलचा धागा वर काढला गेला. तो लॉक जोड होतो. चेनच्या शेवटी तोच हवा असतो, रिंगेत मात्र तो धागा अडवतो.

मण्यांची कर्णफुलं. ११ नंबरचे मणी, ४० चा धागा. मणी शटल भरायच्या आधीच ओवायचे. रिंगेत लागणारे मणी हाताच्या वेढ्यात आधी सरकवून मगच पहिली गाठ. मागे राहिलेला मणी नंतर आत येत नाही. लाल मणी ओल्या पांढऱ्या चिंधीवर चोळून पाहा. रंग सुटला तर वापरू नका.

बुकमार्क (चालू). लाल-पांढऱ्या दोन शटलांवर स्प्लिट रिंगांची पट्टी. प्रत्येक रिंगेची पहिली ६-६ लाल शटलने नेहमीसारखी, उरलेली ६-६ पांढऱ्या शटलने. दुसऱ्या भागात गाठ पलटवायची नाही, आणि अर्ध्या गाठींचा क्रम उलटा. प्रत्येक रिंग अर्धी लाल, अर्धी पांढरी दिसते, आणि धागे वरच्या टोकाला निघत असल्यामुळे पट्टी न कापता चढत जाते. शटल गच्च भरू नका. टोकं फाकली की धागा आपोआप सुटतो आणि मळतो.

धाग्याची टोकं लपवण्यासाठी सुरुवातीच्या पाच-सहा गाठींत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा फास ठेवून द्या, शेवटी टोक त्यात घालून ओढून घ्या. गाठ मारून कापलेलं टोक धुण्यात हमखास वर येतं. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच. पावसाळ्यात साध्या टाचण्यांचे गंजाचे डाग पडतात आणि निघत नाहीत. थालपोस रुखवतात मांडायचा असेल तर तांदळाची पातळ खळ द्या, पण कपाटात ठेवण्याआधी ती धुऊन काढा. खळीला कसर लागते.