केडगाव, मुक्ती मिशन आणि आमच्या काकांचा आक्षेप

केडगावला जायचं म्हटल्यावर शेजारच्या काकांनी आधी विचारलं, "कोणतं केडगाव?" प्रश्न रास्त होता. एक केडगाव नगरला अगदी लागून आहे, दुसरं पुणे-दौंड मार्गावर. आम्हाला जायचं होतं ते दुसरं, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनचं. काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक. रमाबाईंबद्दल त्यांना मनापासून आदर, आणि त्या आदराला जोडून एक आक्षेप, जो मी त्यांच्या तोंडून कित्येकदा ऐकला आहे: "बाईंनी स्त्रियांसाठी केलं त्याला तोड नाही रे, पण पोरींना ख्रिस्ती कशाला करायचं?" मी जन्मानं ख्रिस्ती. आमच्या घरी रमाबाईंचं नाव पणजीचं घ्यावं तसं घेतलं जायचं. म्हटलं, काका, एकदा तिथंच जाऊन भांडू.

रविवारी सकाळी दौंडकडे जाणारी गाडी पकडली. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी. उरुळी सुटली की उसाचं राज्य सुरू होतं आणि गुऱ्हाळांचा कढत, गोड वास खिडकीतून आत यायला लागतो. गाडीतच काकांना कवी ना. वा. टिळकांची गोष्ट सांगितली. 1893 साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला, गप्पा रंगल्या, कवितेवर, धर्मावर. उतरताना त्यानं टिळकांच्या हातात बायबलातला नवा करार ठेवला आणि म्हणाला की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पण पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं, म्हणून वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन अडकले. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, आणि त्यांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर गायली जातात. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग समोर बसलेल्या, दाणे खात असलेल्या गृहस्थाकडे तिरक्या नजरेनं पाहत मला म्हणाले, "म्हणजे गाडीत अनोळखी माणसाशी बोलताना जपूनच राहायला हवं."

स्टेशनवरून रिक्षानं मुक्तीच्या फाटकाशी गेलो. ही सहलीची जागा नाही. बायका-मुली तिथं राहतात, म्हणून आधी विचारून, परवानगी घेऊनच जावं. आम्हाला आत नेणाऱ्या ताईंनी पहिली सूचना दिली ती फोटो न काढण्याची. काकांना ती फार आवडली.

चर्च भव्य आहे, दगडी, क्रुसाच्या आकाराचं. खेड्यातल्या चर्चकडून असते त्या अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठं. उपासना सुरू झालेलीच होती. मुली रांगेनं बसलेल्या, तेल लावून चापून बांधलेल्या वेण्या, पुढं पेटी. एक चिमुरडी गीताच्या प्रत्येक ओळीचा फक्त शेवटचा शब्द म्हणत होती, बाकीचं तिला येत नसावं, पण तो शब्द ती अशा खणखणीत आवाजात टाकायची की शेजारच्या मोठ्या मुलीनं दोनदा तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिसऱ्यांदा तिनंही नाद सोडला. चाल थेट भजनाची. काकांची बोटं मांडीवर ठेका धरत होती. मी पाहिलं आणि बोललो नाही.

रमाबाईंचं आयुष्य बहुतेकांना ठाऊक असतं ते तुकड्यांत. 1858चा जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल समाजाचा रोष पत्करणारे. सगळं कुटुंब पुराणं सांगत तीर्थाटन करत फिरलं आणि त्या भटकंतीतच दुष्काळानं आई-वडील नेले. मागं राहिलेली भावंडं पायी हिंडत कलकत्त्याला पोचली, तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. भाऊ गेला, नवरा दोन वर्षांच्या आत गेला, पदरी मनोरमा ही लहान मुलगी. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात केवढा गहजब झाला! बाजूनं बोलणारे थोडे, त्यांत जोतीराव फुले.

मला मात्र नेहमी खुणावते ती त्याआधीची एक भेट. वाँटेजच्या जोगिणींनी, म्हणजे ख्रिस्ती नननी, रमाबाईंना लंडनमधल्या फुलम इथल्या एका आश्रमात नेलं. समाजानं 'बिघडलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या बायका तिथं राहत होत्या आणि जोगिणी त्यांची मायेनं देखभाल करत होत्या. रमाबाईंनी जन्मभर शास्त्रं पाठ केलेली. अशा बाईला शास्त्रात प्रायश्चित्त सापडतं, माया नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका जोगिणीनं योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवर आलेली, यहुदी ज्यांना हलकं मानत त्या शोमरोनी लोकांतली बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. कोणी त्यांच्याशी वाद घातला नाही.

इथं गोष्ट संपली असती तर सोपं झालं असतं. पण रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीला पटलं होतं, मन कोरडं होतं. आणखी आठेक वर्षांनी, विधवांसाठीचं शारदासदन चालवत असताना, हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा गृहस्थ पाळक होऊन वर्षं लोटली होती आणि एका रविवारी स्वतःच प्रवचन देताना त्याचं स्वतःचं परिवर्तन झालं! ते वाचून रमाबाईंना उमगलं की तारण, म्हणजे पापातून सुटका, हे विद्वत्तेनं, सेवेनं, व्रतानं कमवायचं नसतं; ते फुकट मिळतं आणि रिकाम्या हातांनीच घ्यावं लागतं. अठरा हजार श्लोक मुखोद्गत असलेल्या बाईला हे पचवायला किती जड गेलं असेल! आमच्या चर्चमध्ये कृपेवर, म्हणजे या न कमावता मिळणाऱ्या देण्यावर, इतकी प्रवचनं ऐकली, पण माझ्या गळी ती उतरली रमाबाईंच्या या आठ वर्षांमुळे.

त्या फुलमचं प्रतिबिंब केडगावात सापडतं. मुक्तीमध्ये त्यांनी जी वेगवेगळी सदनं काढली, त्यांतलं अशाच टाकलेल्या बायकांसाठीचं होतं कृपासदन. म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन. आंधळ्यांसाठीही सोय होती. 1896-97च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायका गोळा करून आणल्या, पुढं 1900च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या, आणि केडगावच्या माळावर जवळजवळ 2000 माणसं झाली. विहिरी खणल्या, शेती केली, गुरं पाळली, हातमाग लावले. आईबापांना दुष्काळात डोळ्यांदेखत गमावलेली बाई हे करत होती, हे ध्यानात ठेवलं की त्या धडपडीचा अर्थ लागतो. 1905 मध्ये इथं झालेल्या धार्मिक जागृतीबद्दल परदेशांतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या फार बोलतात, मुली रात्र रात्र रडत प्रार्थना करत होत्या वगैरे. झालं असेल. मला स्वतःला विहिरी जास्त भावतात.

आता काकांचा आक्षेप. शारदासदन 1889 मध्ये मुंबईत निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. विधवांना शिक्षण, धर्माबाबत कुणावर सक्ती नाही, या बोलीवर रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार होती आणि अमेरिकेतल्या मंडळानं दहा वर्षं पैसे द्यायचं मान्य केलं होतं. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मुलीला घेऊन प्रार्थना करायच्या आणि दार लावायच्या नाहीत. काही मुली आत येऊन बसायला लागल्या. 1893 मध्ये याचा स्फोट झाला. सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या, वर्तमानपत्रांनी झोडपलं. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही, पण माझ्या घरात प्रार्थना करताना मी दार का लावू?

"बरोबर आहे की," मी म्हणालो.

"अर्धं बरोबर," काका म्हणाले. "ज्या बाईनं त्या पोरींना माणूस म्हणून पहिल्यांदा वागवलं, तिच्या खोलीचं दार उघडं म्हणजे काय नुसतं दार असतं?"

हे मला मान्य करावं लागलं. आमच्याकडे शुभवर्तमान सांगायचं म्हणजे पत्रकं वाटायची असा काहींचा समज असतो. गर्दीच्या चौकात कागद हातात कोंबून मोकळं होणाऱ्यांची मला लाज वाटते. रमाबाईंची पद्धत त्याहून कितीतरी सभ्य, आणि म्हणूनच कितीतरी परिणामकारक. पालकांना धास्ती वाटली यात नवल नाही. दहा वर्षांचा करार 1898 मध्ये संपला आणि त्यानंतर केडगावात काम उघडपणे ख्रिस्ती म्हणूनच उभं राहिलं, हे मला तरी अधिक सरळ वाटतं.

निघण्याआधी रमाबाईंच्या मराठी बायबलची जुनी प्रत पाहायला मिळाली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं, कारण तेव्हाचं भाषांतर खेड्यातल्या बाईला कळत नाही अशी त्यांची तक्रार होती. छापखाना केडगावातच, खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली. पान पिवळं पडलेलं, कडा चुरत आलेल्या, पण टाईप स्वच्छ, ओळी सरळ. काकांनी चष्मा कपाळावर चढवून पान नाकाशी नेलं आणि चूक शोधू लागले. शिक्षकाची खोड. सापडली नाही. शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि लगेच, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाई गेल्या असं इथं सांगतात. मनोरमा त्यांच्या आधीच, 1921 मध्ये, गेली होती. संपूर्ण बायबल बाहेर पडलं 1924 मध्ये.

परतताना वेळ होता म्हणून केडगावचं बेट म्हणतात तिथल्या नारायण महाराजांच्या दत्तमंदिरातही जाऊन आलो, काकांची इच्छा होती. एकाच गावात ही दोन ठिकाणं, आणि रिक्षावाला दोन्हीकडे सारख्याच भाविकपणे हॉर्न वाजवतो. काकांनी गुऱ्हाळावरून गुळाची ढेप घेतली, भावावरून घासाघीस केली, आणि स्टेशनच्या बाकावर बसून पुन्हा मूळ मुद्द्यावर आले.

"शारदासदनाचं सोड. दुष्काळातल्या पोरींचं सांग. जो भाकरी देतो त्याच्या देवाला नाही म्हणणं सोपं असतं का?"

मी म्हणालो, भाकरीच्या बदल्यात बाप्तिस्मा मागितला तर ती कृपा उरतच नाही, तो सौदा होतो. कृपेची परतफेड करायची नसते, हेच तर रमाबाईंना उशिरा कळलं.

"हे तुला कळतं रे. दहा वर्षांच्या उपाशी पोरीला कळत असेल?"

तेवढ्यात गाडी आली आणि गर्दीत शिरून जागा मिळवण्यात आमचं बोलणं राहिलं. यवत येईपर्यंत मी उत्तर जुळवलं. म्हटलं, काका, नसेल कळलं. पण कृपा म्हणजे काय हे रमाबाईंना स्वतःला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं. त्या पोरींना तेवढा वेळ त्यांनी नक्कीच दिला असेल, आणि मोठं झाल्यावर नाही म्हणायची मोकळीकही.

"नक्कीच दिला असेल," काका म्हणाले, "याला पुरावा?" मग ढेप मांडीवर नीट ठेवत, "बरं, थांब. लोणीपर्यंत मला विचार करू दे."