भेगेपुढची रांग

जुन्या दगडी इमारतींची डागडुजी हे माझं काम. त्या दिवशी एका सरकारी कचेरीच्या मागच्या भिंतीतली भेग चुन्यानं भरायची होती. गुडघ्याच्या उंचीवर सुरू होऊन जोत्यात उतरलेली. खाली बसलो आणि पाहतो तर भेगेपुढे रांग! बोटाएवढी माणसं, स्टेन्सिल धरून काळ्या स्प्रेनं उमटवलेली, प्रत्येकाच्या हातात कागद. पहिला अर्धा भेगेत शिरलेला. शेवटची म्हातारी थकून जमिनीवर टेकलेली. वाकल्याशिवाय दिसणार नाही अशी जागा शोधणारा वस्ताद असणार.

गवंडी हसत सुटला. साहेब हसले नाहीत. "दुपारच्या आत पुसा."

पुसा म्हणायला काय जातं! हा दगड सच्छिद्र, रंग आत मुरतो. जोराचा फवारा मारला तर रंगाबरोबर दगडाचं कातडंही निघतं. म्हणून द्रावकात कालवलेल्या मातीचं पोटीस लावायचं, झाकायचं आणि वाट बघायची. तरी पुसट छाया राहण्याची धास्ती असतेच. लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसच्या भिंतीवर सप्टेंबर २०२५ मध्ये बँक्सीनं, म्हणजे ओळख लपवून भिंतींवर चित्रं काढणाऱ्या त्या नामांकित चित्रकारानं, निदर्शकाला हातोड्यानं मारणारा न्यायाधीश काढला होता. घासून काढल्यावरही त्याची धूसर आकृती उरली आणि तिचेही फोटो फिरले. इंग्लंडमधल्या क्लॅक्टन गावची गोष्ट तर आमच्या धंद्यात सांगण्यासारखी. २०१४ मध्ये तिथे परक्या पक्ष्याला हाकलणारी कबुतरं भिंतीवर आली. चित्र वर्णद्वेषी असल्याची तक्रार झाली आणि स्थानिक परिषदेनं ते पुसून टाकलं. ते बँक्सीचं असल्याचं नंतर कळलं.

मी हे सगळं मनात घोळवत पोटिसाचं सामान आणायला गेलो. इकडे गवंड्यानं ठरल्या कामाप्रमाणे भेग भरून टाकली. अगदी सफाईनं. आता ती माणसं कागद घेऊन बंद भिंतीपुढे उभी होती. पहिला तर चिणला गेलेला.

तेवढ्यात साहेब आले. या खेपेला वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते.

"हे आधीपेक्षा वाईट दिसतंय," हळू आवाजात म्हणाले. "भेग उघडा."

"साहेब, भरायचीच होती ना?"

"आधी उघडा. मग पुसा. मग भरा."

चुना ओलाच होता, उकरायला वेळ लागला नाही. पोटीस रात्रभर ठेवलं. बिलात लिहिलं: भेग एक, भरणी दोन वेळा. साहेबांनी न विचारता सही केली.