शून्य सावली हॅस्केलमध्ये : नागपूरपुरतं गणित कुठवर आलंय

नागपूरच्या झिरो माइलच्या दगडाचे अक्षांश-रेखांश (२१.१५ उत्तर, ७९.०८ पूर्व) दिले की सूर्य वर्षातल्या कोणत्या दोन दिवशी आणि घड्याळात किती वाजता थेट डोक्यावर येतो (तोच शून्य सावलीचा क्षण), हे सांगणारा हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम आता चालतोय. २०२५ साठी त्यानं दिलेलं उत्तर : २६ मे, दुपारी १२:१०:४५ आणि १७ जुलै, दुपारी १२:१९:५३. सेकंद दोन-चार इकडेतिकडे धरायचे. खगोलशास्त्राची तयार लायब्ररी मुद्दाम घेतलेली नाही. लागतं ते बारावीपर्यंतची त्रिकोणमिती आणि फंक्शनला फंक्शन जोडायची सवय.

मेची तारीख नवतपात (मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) येते, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. जुलैच्या तारखेला ढगांमुळे बहुतेक वेळा काही दिसत नाही, म्हणून पडताळणी मेमध्येच करावी.

सुरुवात सोप्या सूत्रानं. वर्षातला कितवा दिवस त्याला 'न' म्हणू :

क्रांती = २३.४५ × साइन (३६०/३६५ × (२८४ + न))

क्रांती म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते. ती अक्षांशाइतकी झाली की सूर्य माथ्यावर. या सूत्रातून 'न' १४६.३ आणि १९८.२ येतो, म्हणजे २६ मे आणि १७ जुलै. तारखा बिनचूक! बरेच जण इथेच थांबतात, आणि थांबू नये ते इथेच. तेच फंक्शन २३ सप्टेंबरला (न = २६६) चालवून बघा. उत्तर येतं उणे १.०१ अंश. त्या दिवशी दिवस-रात्र समान, म्हणून ते शून्याच्या आसपास हवं. सूत्र पृथ्वीची कक्षा गोल धरतं, प्रत्यक्षात ती लंबवर्तुळ आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि जोरात पळते, जुलैत रेंगाळते. मे आणि जुलैत चूक नगण्य राहते म्हणून नागपूरचं उत्तर जुळलं, सूत्र चांगलं आहे म्हणून नव्हे. तुकडे सुटे ठेवण्याचा फायदा हाच. क्रांतीचं फंक्शन शुद्ध असेल, म्हणजे दिवस आत आणि अंश बाहेर, मध्ये दुसरं काही नाही, तर ते कोणत्याही तारखेला एकटं चालवून तपासता येतं.

दुसरी फेरी. १ जानेवारी २००० च्या ग्रिनिच दुपारपासून झालेले दिवस म्हणजे 'द'. 'ल' म्हणजे सूर्याची सरासरी जागा, 'ग' म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळच्या बिंदूपासून सरासरी किती पुढे गेली ते, आणि भोगांश म्हणजे सूर्याची खरी जागा, सगळं अंशांत :

ल = २८०.४६० + ०.९८५६४७४ × द
ग = ३५७.५२८ + ०.९८५६००३ × द
भोगांश = ल + १.९१५ × साइन ग + ०.०२० × साइन २ग
क्रांती = आर्कसाइन (साइन २३.४३९ × साइन भोगांश)

१.९१५ असलेलं पद लंबवर्तुळाची भरपाई करतं. 'द' पूर्णांकात मोजू नका. २६ मे २०२५ च्या ग्रिनिच दुपारी तो ९२७७ असतो, पण आपली मध्यान्ह सुमारे पाच तास वीस मिनिटं आधी होते, म्हणून साधारण ९२७६.७८. हा फरक विसरला तर क्रांती ०.०४ अंशानं फुगते. थोडं वाटेल, पण त्या दिवशी नागपूरच्या अक्षांशात आणि क्रांतीत फरकच मुळी ०.०३ अंशाचा आहे (क्रांती २१.१८).

ल आणि ग हजारांत जातात, त्यांना ३६० च्या आत आणावं लागतं. हॅस्केलचा साधा मॉड (बाकी काढणारं फंक्शन) फक्त पूर्णांकांवर चालतो. दशांशांसाठी डेटा.फिक्स्डमधला मॉड-प्राइम आणावा.

आता अंश आणि रेडियन. हॅस्केलचा साइन रेडियन घेतो. त्याला २१.१५ तसंच दिलं तर उत्तर ०.७५ येतं, खरं उत्तर ०.३६ आहे. दोन्ही आकडे उणे एक ते एक यांच्यातच बसतात, त्यामुळे प्रोग्राम कुरकुरत नाही. उपाय म्हणजे अंश आणि रेडियन असे दोन वेगळे न्यूटाइप (आकड्यावर वेगळ्या नावाचं वेष्टण) करणं आणि एकातून दुसऱ्यात न्यायला एकच फंक्शन ठेवणं. मग घोटाळा कंपायलरच पकडतो, आणि प्रोग्राम चालताना न्यूटाइपचा वेगळा भार पडत नाही. फक्त सोयीसाठी त्यांना नम आणि फ्रॅक्शनल (साध्या आकड्यांसारखं वागू देणारे टाइपक्लास) डिराइव्ह करून देऊ नका. तसं केलं की उघडा २१.१५ सुद्धा गुपचूप रेडियन म्हणून खपतो आणि सगळा बंदोबस्त वाया जातो.

वेळेचं गणित दोन भागांचं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची. झिरो माइल त्याच्या ३.४२ अंश पश्चिमेला, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपली सरासरी मध्यान्ह १२:१३:४१ ला. त्यातून कालसमीकरण, म्हणजे खरा सूर्य घड्याळाच्या सरासरी सूर्यापेक्षा किती पुढे आहे ते, वजा करायचं : (ल − विषुवांश) × ४ मिनिटं. विषुवांश म्हणजे विषुववृत्तावर मोजलेली सूर्याची जागा. २६ मेला ते अधिक २ मिनिटं ५६ सेकंद येतं, १७ जुलैला उणे ६ मिनिटं १२ सेकंद. दोन्ही दिवशी सूर्य त्याच उंचीवर, तरी मध्यान्हीत नऊ मिनिटांचा फरक पडतो तो यामुळे.

विषुवांश काढताना साधा आर्कटॅन वापरला तर मेची वेळ बरोबर येते आणि जुलैची सुमारे बारा तासांनी चुकते. जुलैत भोगांश ९० च्या पुढे, ११५ च्या जवळ असतो, आणि एकट्या आर्कटॅनला ११७ अंश आणि उणे ६३ अंश यांतला फरक कळत नाही. दोन आकडे घेऊन कोन नेमका कुठल्या चतुर्थांशात आहे ते ओळखणारं एटॅन-टू वापरा, पहिल्या जागी (कोसाइन २३.४३९ × साइन भोगांश), दुसऱ्या जागी कोसाइन भोगांश. वजाबाकी झाल्यावर उत्तर उणे १८० ते १८० मध्ये आणायला विसरू नका, नाहीतर सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत पूर्ण चोवीस तासांची चूक दिसेल.

तारीख शोधण्यासाठी अंतर अर्धं-अर्धं करत जाणारी पद्धत ठेवली आहे. एक पायरी म्हणजे एक फंक्शन : (डावं टोक, उजवं टोक) घेतं आणि ज्या अर्ध्यात (क्रांती − अक्षांश) या फरकाचं चिन्ह बदलतं तो अर्धा परत देतं. ते इटरेटला (तेच फंक्शन पुन्हा पुन्हा लावणाऱ्या फंक्शनला) दिलं की अनंत यादी मिळते. हॅस्केल आळशी, त्यामुळे लागेल तेवढीच यादी प्रत्यक्षात मोजली जाते. १ मे ते २१ जून हे ५१ दिवस सोळा वेळा अर्धे केले की अंतर ६७ सेकंदांवर येतं. त्यापुढे जाण्यात अर्थ नाही, कारण आपल्याला दिवस हवा आहे. अख्खं वर्ष एकदम दिलं तर ही पद्धत चालत नाही. १ जानेवारी आणि ३१ डिसेंबर दोन्हीकडे फरक उणेच असतो, चिन्ह बदलतच नाही. म्हणून वर्ष २१ जूनला तोडायचं आणि दोन्ही भाग वेगळे सोडवायचे. कर्कवृत्ताजवळच्या भोपाळ-उज्जैनसाठी हेच चालवलं तर दिवस डळमळतो. तिथे क्रांती दिवसाला फार थोडी बदलते, नागपूरला मेच्या शेवटी ०.१७ अंश बदलते.

प्रत्यक्ष पडताळणीत काठीची सावली बघणं सगळ्यात वाईट. सूर्याची तबकडी ०.५३ अंशाची, म्हणून मीटरभर उंचीच्या काठीच्या सावलीची कड ९ मिमी पुसट असते. २५, २६ आणि २७ मेला माथ्याच्या सावलीची लांबी अनुक्रमे २.४, ०.६ आणि ३.५ मिमी. हा फरक त्या पुसट कडेत पार बुडून जातो. शिवाय काठी माथ्याशी मिलिमीटरभर कलली की ०.०६ अंश गेले, म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा.

त्यापेक्षा जाड पुठ्ठ्याला ४ मिमीचं गोल भोक पाडा आणि पुठ्ठा गच्चीवर दोन मीटर उंच, आडवा, पक्का बसवा. भोकाच्या मधून ओळंबा सोडा, त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, झुलणं लगेच थांबतं. (जवळच्या खिडकीतला कूलर तेवढा वेळ बंद.) दोरी स्थिर झाली की तिची जागा खाली कागदावर घेण्यासाठी बादली काढून टोकदार वजनानं खूण करा, मग ओळंबा काढून टाका. जमिनीवर सूर्याची सुमारे २२ मिमीची गोल प्रतिमा पडेल, तिचा मध्य मिलिमीटरपर्यंत धरता येतो. माथ्यावर वातावरणातलं वक्रीभवन जवळपास शून्य, ती काळजी नको.

घड्याळावर विसंबू नका. प्रतिमा मिनिटाला ८ मिमी पूर्वेकडे सरकते, दहा सेकंद चुकले तरी मिलिमीटरहून जास्त गेलं. १२:०५ ते १२:१६ दर मिनिटाला मध्यावर ठिपका द्या, ठिपक्यांतून रेघ ओढा, आणि ओळंब्याच्या खुणेपासून रेघेचं लंब अंतर मोजा. २५ मेला रेघ खुणेच्या ४.८ मिमी उत्तरेला जायला हवी, २६ ला जेमतेम १.२ मिमी दक्षिणेला, २७ ला ७.१ मिमी दक्षिणेला. तीन दिवसांच्या रेघा एकाच कागदावर घेतल्या तर पुठ्ठा थोडा तिरपा बसला असला तरी रेघांमधलं ६ मिमीचं अंतर तपासता येतं, आणि क्रांतीच्या फंक्शनची खरी परीक्षा त्याच अंतरात आहे.

पुढचा टप्पा जिल्ह्यातल्या गावांची यादी मॅपमधून (यादीतल्या प्रत्येकाला तेच फंक्शन लावणाऱ्या फंक्शनमधून) काढायचा. रामटेक (२१.४०) चालवून बघितलं आहे : २७ मे.