‘फ्यूजन ओके’ एवढ्यावर प्रोटॉनची केस पुढे सरकत नाही

फुफ्फुसाच्या कॅन्सरला एकदा रेडिएशन झालेलं असतं, आजार त्याच भागात पुन्हा डोकं वर काढतो आणि मग प्रोटॉनचा, म्हणजे प्रोटॉनच्या किरणांनी रेडिएशन देण्याचा विषय निघतो. नाशिकमध्ये ही सोय नाही. इथला पेशंट खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या केंद्रात जातो, नाहीतर चेन्नईला अपोलोच्या सेंटरला. जुना रेडिएशनचा प्लॅन आणि नवा सीटी एकमेकांवर बसवून केस तयार करून देणं हे माझं काम. बायोप्सी, ट्यूमर बोर्ड, रेफरल लेटर यांत फारसं काही अडत नाही. अडतं ते रजिस्ट्रेशनवर, म्हणजे दोन स्कॅन एकमेकांवर नेमके जुळवण्यावर; त्यालाच फ्यूजनही म्हणतात.

बाहेरून तयार होऊन आलेल्या एका केसवर शेरा होता, ‘फ्यूजन ओके’. बस, एवढाच. कुठे ओके? किती मिलिमीटरपर्यंत? मणक्याला जुळवलं की ट्यूमरला? कशाचाच पत्ता नाही. सगळं मुळापासून करेपर्यंत निफाडकडचा तो पेशंट ताटकळला, आणि त्या शेऱ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

राग का, ते आकड्यांत सांगतो. जुन्या प्लॅनमध्ये डोस ५० ग्रेवरून (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) २० ग्रेवर १५ मिमी अंतरात उतरत असेल, तर प्रत्येक मिलिमीटरला २ ग्रे कमी होतात. रजिस्ट्रेशन ३ मिमी चुकलं की स्पायनल कॉर्डच्या (मणक्यातल्या मज्जारज्जूच्या) जुन्या डोसचा हिशोब ६ ग्रेने चुकला. कॉर्डला आता किती डोस देता येईल हे ठरतं त्याच हिशोबावर, त्यामुळे इथे अंदाजपंचे चालत नाही.

म्हणून कॉर्डसाठी मी डिफॉर्मेबल रजिस्ट्रेशन, म्हणजे चित्र ताणून-वाकवून जुळवणं, वापरत नाही. ट्यूमरच्या पातळीचा मणका आणि त्याच्या वरचे-खालचे दोन-दोन मणके एवढाच चौकोन घ्यायचा, खांदे आणि खांद्याची पाती बाहेर ठेवायची, आणि रिजिड, म्हणजे आकार न बदलता फक्त सरकवून-फिरवून, जुळवायचं. अख्खी छाती घेतली तर सॉफ्टवेअर हातांच्या आणि बरगड्यांच्या फरकात वाहवत जातं. दोन्ही सीटीत हात डोक्यावर होते ना, टेबल सपाट होतं ना, हे आधीच बघा. निदानाच्या सीटीचं टेबल खोलगट असतं, त्यावर पाठीचा बाक बदलतो.

फुफ्फुस आणि अन्ननलिकेसाठी डिफॉर्मेबल लागतंच, आणि खरी फसगत तिथे होते. श्वास घेताना फुफ्फुस छातीच्या भिंतीवर घसरतं; फुफ्फुस खाली जातं, बरगडी जवळपास जागेवर राहते. बरीच अल्गोरिदम मात्र सगळीकडे सलग, गुळगुळीत बदल गृहीत धरतात. परिणामी भिंतीलगत बरगडीही फुफ्फुसासोबत ओढली जाते. चेकरबोर्डवर (दोन्ही स्कॅनचे चौकडे आलटून-पालटून दाखवणाऱ्या चित्रात) सगळं झकास दिसतं, पण डोस मात्र भलत्या जागी गेलेला असतो.

त्याहून वाईट म्हणजे कोलॅप्स, म्हणजे फुफ्फुसाचा भाग हवा जाऊन मिटणं. जुन्या सीटीत लोब (फुफ्फुसाचा एक खंड) मिटून पांढरा दिसत असेल आणि नव्यात उघडलेला असेल, तर सॉफ्टवेअर त्या पांढऱ्या भागाला काहीतरी जोडी शोधून देतंच, मग ती शरीरात असो वा नसो. इथे जेकोबियनचा नकाशा उघडा; सॉफ्टवेअरने कुठला भाग किती फुगवला किंवा आकसला ते तो दाखवतो. किंमत शून्याच्या खाली गेली तर ऊती स्वतःवर दुमडल्या असा अर्थ होतो, आणि ते शक्यच नाही. तो भाग रंगवून ‘इथला डोस धरू नये’ असं रिपोर्टात लिहायचं.

एएपीएम या अमेरिकेतल्या मेडिकल फिजिक्सच्या संघटनेचा रजिस्ट्रेशनवरचा टीजी-१३२ रिपोर्ट २०१७ चा आहे, तो जवळ ठेवा. त्याचा मथितार्थ असा की खुणांमधला फरक साधारण २ ते ३ मिमीच्या आत हवा आणि डाइस (दोन आउटलाइन एकमेकींवर किती बसतात याचा आकडा; पूर्ण जुळल्या तर १) ०.८ ते ०.९ च्या वर. अन्ननलिकेसारख्या बारीक अवयवात थोड्या सरकण्यानेही डाइस पडतो, तेव्हा एकट्या डाइसवर निकाल देऊ नका. मी खुणा घेतो त्या अशा: कॅरिना (श्वासनलिका दुभंगते ती जागा), रक्तवाहिन्यांचे फाटे, कॅल्शियम साचलेली गाठ, फिशर (फुफ्फुसाच्या खंडांमधली फट). लंग विंडोत, म्हणजे फुफ्फुस नीट दिसेल अशा उजेड-काळोखाच्या सेटिंगमध्ये, लेव्हल उणे ६०० आणि विड्थ १५०० ठेवून, फाट्याच्या नेमक्या कोपऱ्यावर कर्सर ठेवायचा. मेडियास्टिनमच्या (दोन फुफ्फुसांमधल्या भागाच्या) विंडोत हाच फाटा दिसतही नाही. आणि खुणा ट्यूमरच्या आजूबाजूला घ्या. शेंड्याकडे सगळं नेहमीच छान जुळतं, डायफ्रॅमजवळ बिघडतं.

फोटॉनला, म्हणजे नेहमीच्या एक्स-रे रेडिएशनला, जे खपून जातं ते प्रोटॉनला खपत नाही, कारण प्रोटॉन कुठे थांबणार हे वाटेतल्या घनतेवर ठरतं. हवेने भरलेल्या फुफ्फुसाची घनता पाण्याच्या ०.३ पट धरा. मिटलेला २ सेंमी भाग उघडला तर वाटेतलं सुमारे १.४ सेंमी पाणी कमी झालं, आणि पुढेही फुफ्फुसच असेल तर किरण साडेचार सेंमीहून जास्त पुढे जातो. प्लॅनमध्ये रेंजसाठी (किरण किती खोल जातो त्यातल्या चुकीसाठी) सुमारे ३.५ टक्के मार्जिन ठेवतात, त्यात हे बसत नाही. म्हणून प्रोटॉन सेंटरमध्ये उपचार चालू असताना सीटी पुन्हा पुन्हा काढतात. नातेवाइकांनी त्याला कंटाळू नये.

श्वासाची अवस्था राहिलीच. जुना सीटी साध्या श्वासावर आणि नवा फोरडी (श्वासाच्या प्रत्येक टप्प्याचं, म्हणजे फेजचं, वेगळं चित्र देणारा) असेल, तर नव्यातला ॲव्हरेज किंवा श्वास सोडल्यानंतरचा फेज घ्या. श्वास सोडल्यानंतरचा फेज सगळ्यांत स्थिर. पेट सीटी कित्येक मिनिटांच्या श्वासावर निघतो, त्यातला डाग पसरट असतो, त्याची कड खरी मानून आउटलाइन काढू नये.

बेरीज करताना जुना डोस आणि नवा डोस आधी ईक्यूडी२ मध्ये (रोज २ ग्रेच्या हिशोबाने तेवढाच परिणाम करणाऱ्या डोसमध्ये) बदला, प्रत्येक व्हॉक्सेलला (चित्राच्या प्रत्येक बारीक ठोकळ्याला), मगच जोडा. ट्यूमरला ६० ग्रे ३० फ्रॅक्शनमध्ये (३० वेळा विभागून) दिलेले असले तरी कॉर्डवर रोजचे २ ग्रे पडलेले नसतात.

नातेवाइकांनी जुन्या हॉस्पिटलकडे डिस्चार्ज कार्ड आणि प्रिंटआउट मागून भागत नाही. चार गोष्टी डायकॉममध्ये (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्सच्या स्वरूपात) मागा: प्लॅनिंग सीटी, आरटी स्ट्रक्चर (अवयवांच्या आउटलाइन), आरटी प्लॅन, आरटी डोस; आरटी म्हणजे रेडिएशन थेरपी. पीडीएफमधल्या रंगीत चित्रातून डोस काढता येत नाही. सोबत पेन ड्राइव्ह न्या. दहा फेजचा फोरडी सीटी एका सीडीत मावत नाही. घेतल्यावर तिथेच फोल्डर उघडून आरटी डोसची फाइल आहे का ते बघा. बहुतेक वेळा तीच राहिलेली असते.