हिवतापाची स्लाइड : थेंबापासून अहवालापर्यंत

प्लाझ्मोडियम हा हिवतापाचा एकपेशीय परजीवी तांबड्या पेशीत बसलेला ओळखणं तसं कठीण नाही. कठीण आहे ते ‘परजीवी आढळले नाहीत’ असं खात्रीनं लिहिणं. माझ्या बहुतेक चुका सूक्ष्मदर्शकावर बसण्याआधीच होऊन गेलेल्या असायच्या, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

काच आधी स्पिरिटनं पुसून कोरडी करायची आणि कडांनाच धरायची. बोटाचं तेल लागलं की रक्ताच्या थराला भोकं पडतात. स्पिरिट लावलेलं बोट पूर्ण वाळल्यावरच टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा. मी एकाच काचेवर पातळ आणि जाड असे दोन्ही थर घेतो. पातळ थरासाठी साधारण 2 मायक्रोलिटरचा एक छोटा थेंब, दुसरी काच 45 अंशांत टेकवून एका झटक्यात ओढायचा. जाड थरासाठी तसेच तीन थेंब, काचेच्या कोपऱ्यानं फिरवून सुमारे 1 सेंमी व्यासाचं वर्तुळ करायचं. थर बरोबर असेल तर त्याखाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं जेमतेम वाचता येतात. याहून जाड थर रंगवताना सुटून वाहून जातो.

रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतून येणार असेल तर तासाभरात थर काढून मोकळं व्हावं. उशीर झाला की परजीवींचा आकार बिघडतो आणि प्रजाती ओळखताना फसगत होते.

पातळ थर मिथेनॉलमध्ये क्षणभर बुडवायचा. जाड थराला मात्र मिथेनॉलचा थेंबही लागू द्यायचा नाही, वाफसुद्धा नको, म्हणून वाळवताना जाड थराची बाजू वर धरतो. जाड थरातल्या तांबड्या पेशी रंगातल्या पाण्यानं फुटून हिमोग्लोबिन निघून जायला हवं, तरच इतकं रक्त एकाच दृष्टिक्षेत्रात आरपार दिसतं. गरम करून घाईनं वाळवलेला किंवा दिवसेंदिवस तसाच पडून राहिलेला थर आपोआप पक्का होतो. मग काही केल्या हिमोग्लोबिन निघत नाही.

रंग जिम्साचा. 1 मिली मूळ द्रावण आणि 9 मिली बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), म्हणजे 10 टक्के; 10 ते 15 मिनिटं. स्लाइड जास्त आणि घाई नसेल तर 3 टक्के द्रावणात 45 मिनिटं, त्यात रंग जास्त स्वच्छ बसतो. रंग दर वेळी ताजा करायचा, उरलेला फेकायचा. बफरचा पीएच 7.2 हवा. हे मी सुरुवातीला फार मनावर घेत नसे, आणि मग व्हायवॅक्स या प्रजातीचा परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशींवरचे शुफनरचे बारीक ठिपके का दिसत नाहीत म्हणून डोकं खाजवत बसे. पाणी आम्लधर्मी असलं की ते ठिपके उठतच नाहीत. धुताना रंग ओतून टाकायचा नाही. हळू पाणी सोडून वरची चकाकती साय तरंगत बाहेर जाऊ द्यायची, नाहीतर ती थरावर बसते आणि प्रत्येक कण परजीवी वाटू लागतो.

आता 100च्या भिंगाखाली, तेल घालून. आधी जाड थर. निळा जीवद्रव्याचा भाग आणि लाल क्रोमॅटिन (केंद्रकाचा भाग), दोन्ही एकत्र दिसल्याशिवाय मी परजीवी म्हणत नाही. सर्वांत जास्त फसवतात त्या तांबड्या पेशीवर बसलेल्या प्लेटलेट्स. त्यांच्याभोवती फिकट वलय असतं आणि फोकस किंचित हलवला की त्या पेशीच्या वर आहेत हे कळतं.

प्रजाती पातळ थरात ठरवायची. फॅल्सिपेरम या प्रजातीत तांबडी पेशी फुगत नाही. नाजूक अंगठ्या (परजीवीची कोवळी अवस्था), कधी एकाच पेशीत दोन-तीन, कधी एका अंगठीला क्रोमॅटिनचे दोन ठिपके, आणि चंद्रकोरीसारखे गॅमेटोसाइट (परजीवीची लैंगिक अवस्था). मधल्या अवस्था सहसा दिसत नाहीत, कारण त्या पेशी अवयवांतल्या केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. त्यामुळे बोटाच्या रक्तात थोडे परजीवी दिसले तरी शरीरात थोडेच आहेत असं धरू नये. व्हायवॅक्समध्ये फुगलेली पेशी, वेडावाकडा अमिबासारखा परजीवी आणि शायझॉंटमध्ये (विभागणाऱ्या पक्व परजीवीत) 12 ते 24 मेरोझोइट, म्हणजे नवी पिल्लं.

मोजणी जाड थरात, पांढऱ्या पेशींच्या तुलनेत. 200 पांढऱ्या पेशी होईपर्यंत 100 किंवा अधिक परजीवी मिळाले तर तिथे थांबायचं. कमी असतील तर 500 पर्यंत जायचं. 200 पेशींमागे 150 परजीवी, म्हणजे 150 गुणिले 8000 भागिले 200, उत्तर 6000 प्रति मायक्रोलिटर. यातला 8000 हा पांढऱ्या पेशींचा गृहीत आकडा आहे. रुग्णाची खरी संख्या हाताशी असेल तर तीच घ्यावी.

काहीच दिसलं नाही तर किमान 100 दृष्टिक्षेत्रं, तीही एकाच कोपऱ्यातली नाहीत. त्यानंतरही ताप आणि लक्षणं संशय घेण्यासारखी असतील तर अहवालाखाली ‘12 ते 24 तासांनी पुन्हा नमुना पाठवा’ असं लिहितो.