मनाचा डॉक्टर शोधताना आधी आपली रेल्वे लाइन बघा

माझ्या धाकट्या भावासाठी मदत शोधण्यात मागचे बरेच महिने गेले आणि तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी मेसेज करतंच की अगं तुला माहितीये ना, एखादा चांगला सायकिअ‍ॅट्रिस्ट सांग, मुंबईत कुठे जायचं असतं, किती पैसे लागतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. भावाला विचारून लिहितेय, त्याचं नाव कुठेही येणार नाही.

तर सगळे विचारतात चांगला डॉक्टर कोण, आणि मी उलट विचारते की तू राहतोस कुठे आणि तुझी लाइन कुठली. लोकांना हे विचित्र वाटतं पण माझं मत पक्कं झालंय. मनाच्या आजाराची ट्रीटमेंट एका भेटीत संपत नाही हो. डिप्रेशनच्या गोळ्यांचा परिणाम दिसायलाच दोन ते चार आठवडे लागतात, मधे डोस बदलतो, आणि माणूस बरा वाटायला लागल्यावरही डॉक्टर साधारण सहा महिने तरी गोळ्या चालू ठेवायला सांगतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे वर्षभर तरी ये-जा आहे असं धरून चालायचं. आता आम्ही राहतो डोंबिवलीला. आम्हाला सगळ्यात आधी जे नाव सुचवलं गेलं ते वांद्र्याचं. खूप मोठं नाव, माणूस उत्तमच असणार. पण ज्या मुलाला सकाळी उठून आंघोळ करायची ताकद नाही त्याने गर्दीच्या गाडीत चढायचं, दादरला ब्रिज चढून वेस्टर्नला जायचं आणि परत तसंच यायचं, हे एकदा होईल, दोनदा होईल, तिसऱ्यांदा तो म्हणणार मला बरं वाटतंय आता नको जाऊया. उपचार अर्धवट सुटतात ते इथे. म्हणून आपल्या लाइनीवरचा, परवडणारा आणि आपल्या भाषेत ऐकून घेणारा डॉक्टर हाच चांगला डॉक्टर, बाकी नाव नंतर बघू.

शोधायच्या आधी कोण काय करतं एवढं माहीत असलं पाहिजे कारण इथे फार गोंधळ असतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर, या तिघांत गोळ्या तोच लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, टेस्ट आणि थेरपी (म्हणजे बोलण्यातून केलेला उपचार) करतो, आणि त्याची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. आणि काउन्सेलर ही पाटी मात्र आज जवळपास कोणीही लावू शकतो, त्यात अतिशय चांगले शिकलेले लोक आहेत आणि दोन दिवसांचा कोर्स करून बसलेलेही आहेत. त्यामुळे फोनवरच विचारायचं, तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठे आहे, एका सेशनचे किती, मराठीत बोलता का. आपल्याकडे असं विचारणं उद्धटपणा वाटतो पण तसं काही नाही, चांगला माणूस शांतपणे उत्तर देतो. मी एकाला विचारलं तर तो चिडला, तिथे आम्ही गेलोच नाही.

खाजगीत मी फोन केले त्या बऱ्याच ठिकाणी सेशनचे दीड-दोन हजार सांगितले. आठवड्याला एक धरला तर महिन्याचे किती होतात ते तुम्हीच बघा, कुठल्या मध्यमवर्गीय घराला हे वर्षभर झेपेल. याच्यामुळेच मला मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या हॉस्पिटलांबद्दल जास्त लिहायचंय, कारण लोकांना माहीतच नसतं की तिथे सायकिअ‍ॅट्रीची ओपीडी असते. परळचं केईएम, सायन हॉस्पिटल, मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर, भायखळ्याचं जे. जे., आणि आमच्यासारख्या ठाण्यापलीकडच्या लोकांसाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल. लक्षात ठेवायची सोपी खूण म्हणजे जिथे मेडिकल कॉलेज आहे तिथे मनोविकार विभाग असतोच, तो असावाच लागतो. ही खूण पुण्यात, नागपुरात, संभाजीनगरातही चालते.

तिथलं काम कसं चालतं ते सांगते म्हणजे पहिल्या दिवशी घाबरायला होणार नाही. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, अगदी किरकोळ पैशात होतो. मग ओपीडीच्या बाहेर बसायचं, आणि हो, खूप वेळ बसायचं, पाणी आणि खायला काहीतरी घेऊन जा. आधी रेसिडेंट डॉक्टर बोलतात, म्हणजे तिथे पुढचं शिक्षण घेणारी तरुण मुलं-मुली. लोक म्हणतात शिकाऊ डॉक्टर काय बघणार, पण आमच्या आत्तापर्यंतच्या आयुष्यात भावाशी एवढा वेळ कोणी बोललं नव्हतं. लहानपणापासून सगळं विचारलं, झोप, भूक, नोकरी, घरात कोणाला असं काही होतं का, दारू-तंबाखू, मरावंसं वाटतं का हेही सरळ विचारलं. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती चुकीची आहे हेही तिथेच कळलं, उलट माणूस मोकळा होतो. मग घरच्यांशी वेगळं बोलतात आणि सगळं सिनियर डॉक्टरांपुढे ठेवतात. थायरॉइड, बी-१२ वगैरे रक्ताच्या टेस्ट सांगतात कारण थायरॉइड बिघडला तरी माणूस असाच मलूल होतो. प्रत्येक युनिटचा वार ठरलेला असतो, फॉलोअपला त्याच वारी गेलात तर तीच टीम भेटण्याची शक्यता जास्त, तेव्हा केस पेपरवर वार लिहून घ्या आणि तो पेपर जपा, फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

वाईट काय ते पण लिहिते. गर्दी भयंकर, खोलीत दोन टेबलं असतात आणि शेजारच्याचं सगळं ऐकू येतं, रडायला पण जागा नसते. थेरपीसाठी वेळ मिळायला थांबावं लागतं. काही गोळ्या बाहेरून घ्याव्या लागतात. तरीही मी म्हणेन की गोळ्या आणि तपासणी तिथे चालू करा, आणि बोलण्यासाठी जवळपास स्वस्तातलं काही मिळतं का ते बाजूने शोधा, दोन्ही एकाच छताखाली मिळालं पाहिजे असा हट्ट धरून महिने घालवू नका.

ठाण्याबद्दल वेगळं लिहावंच लागेल. मुंबईत कोणी जरा वेगळं वागलं की "याला ठाण्याला न्या" म्हणायची पद्धत आहे, पुण्यात तेच येरवड्याचं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, म्हणजे चार पिढ्या आपण हे बोलतोय आणि त्यामुळे आजारी माणसाला ते नाव ऐकूनच धडकी भरते. आमच्या आईने तर "ठाणे" शब्द घरात काढूच दिला नाही. पण तिथेही ओपीडी आहे, लोक सकाळी येतात, दाखवतात, गोळ्या घेऊन घरी जातात. आणि त्याच ठाण्यात आयपीएच आहे, इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था, जिथे सगळं मराठीत बोलता येतं. माझ्या आईसारख्या बाईला "मला उदास वाटतं" हे इंग्रजी येणाऱ्या काउन्सेलरपुढे सांगता येणार नाही, तिला "जीव लागत नाही", "छातीत धडधडतं", "नको नको वाटतं" असंच म्हणता येणार, आणि ते समजणारा माणूस समोर हवा.

फोनवरची मदतही लिहून घ्या. टेली-मानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला चालू केलंय, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मी स्वतः एका रात्री लावला होता, भावासाठी नाही, माझ्यासाठी, कारण मला झोप लागत नव्हती आणि घरात कोणाशी बोलणार. पलीकडच्या मुलीने घाई केली नाही. टिस, म्हणजे देवनारची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, त्यांची आयकॉल नावाची सेवा २०१२ पासून आहे, ते ईमेलवरही बोलतात. ज्यांना घरात भिंतीपलीकडे ऐकू जाईल म्हणून फोन करता येत नाही (आणि वन रूम किचनमध्ये कोणालाच करता येत नाही) त्यांना ईमेल बरं पडतं.

दारूचा प्रश्न असेल तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंग फुकट असतात, मराठीतही होतात, आणि बायका-मुलांसाठी अल-अनॉन वेगळं असतं. पुण्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे १९८६ पासून, ते बहुतेकांना माहीतच आहे.

आता नातेवाईक. आमच्याकडे एका काकूंनी बाहेरचं काहीतरी असेल म्हटलं, एकांनी लग्न लावून द्या सगळं ठीक होईल म्हटलं. कृपा करून असं करू नका, त्या मुलीचा काय दोष. भाऊ यायला तयार नव्हता तेव्हा मला एका डॉक्टरांनी सांगितलं की आधी तुम्ही एकट्या या, घरचा माणूस येऊन बोलू शकतो. आणि भावाला "तुला डिप्रेशन आहे" म्हणण्यापेक्षा "तुला झोप येत नाहीये ना, त्याच्यासाठी जाऊया" म्हटल्यावर तो आला. ते खोटं नव्हतंच, झोप खरंच उडाली होती.

त्याला दोन भीत्या होत्या, अ‍ॅडमिट करून ठेवतील आणि ऑफिसला कळेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये या दोन्हीबद्दल लिहिलेलं आहे. माहिती गुप्त ठेवायचा पेशंटचा हक्क आहे. स्वतःच्या मर्जीने अ‍ॅडमिट झालेला सज्ञान माणूस सहसा स्वतः सांगून बाहेर पडू शकतो, आणि आपल्या वतीने बोलायला कोण असावं हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला तो तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, हेही त्यातच आहे. म्हणून कोणी काही घेतलं, स्वतःला इजा केली, तर पोलीस केस होईल म्हणून घरात बसून राहू नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत लगेच न्या, ती रात्रभर उघडी असते. विमा कंपन्यांनीही शारीरिक आजारासारखंच मानसिक आजाराला कव्हर द्यायचं असं कायदा म्हणतो, तेव्हा पॉलिसीचे कागद काढून वाचा.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेलं) आलं होतं की आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. हा आकडा वाचून मला त्या ओपीडीच्या बाहेरची रांग आठवते, कारण त्या रांगेत जे बसलेत ते पोचलेले लोक आहेत, आणि त्यांचाही अख्खा दिवस जातो. सकाळची ओपीडी म्हणजे रोजंदारीवाल्याचा खाडा, नोकरीवाल्याची सुट्टी, आणि दर पंधरा दिवसांनी सुट्टी मागितली की कारण सांगावं लागतं. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वसई, विरार, एवढी माणसं संध्याकाळी सातनंतर घरी उतरतात. त्यांच्यासाठी महापालिकेच्या दवाखान्यांत आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी मनोविकारतज्ज्ञ बसायला हवा. मी आमच्या नगरसेवकांच्या ऑफिसात लेखी अर्ज देणार आहे, तुमच्या वॉर्डात तुम्हीही द्या.